'करमत'वरचं टिंब

बोरटेक गावात मोटारसायकलच्या धुरातून चालवणाऱ्याच्या मनातलं वाक्य उमटतं, आणि दर सहा महिन्यांनी ते वाचून घेऊन त्याचा दाखला काढावा लागतो. त्यामुळे गावात कुणी फारसं खोटं बोलत नाही. अगदीच बोलायचं असेल तर लोक सायकलवरून जाऊन बोलतात. विजेची स्कूटर घेणाऱ्याकडे सगळे जरा संशयानेच बघतात, याला एवढं काय लपवायचं आहे म्हणून.

रस्त्यावर रोज उमटतात ती वाक्यं किरकोळ असतात. 'दूध विसरलो.' 'कंबर धरली.' 'फौजदार माझ्याकडेच का बघतो आहे.' दुसऱ्याच्या वाक्यातून गाडी घालायची नाही, ते विरेपर्यंत थांबायचं आणि तोवर हॉर्न वाजवायचा नाही, एवढी रीत एसटीचे ड्रायव्हरही पाळतात. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, म्हणजे माणूस जुनं काहीतरी उकरून काढतोय. काळा निघाला तर गरजेपेक्षा जास्त बोलतोय. आणि गाडीवर दोघं असतील तर मागे बसलेल्याचं मन उमटतं, कारण सायलेन्सर त्याच्या पायापाशी असतो. म्हणून बोरटेकमध्ये सासूला कुणी मोटारसायकलवरून नेत नाही. रिक्षा करतात.

महिपती चौगुलेचा संसार अशाच एका दाखल्याने मोडायला आला.

महिपती तालुक्याच्या दूध संघात एकतीस वर्षं फॅट तपासत होता. यंत्र म्हणालं साडेतीन, की साडेतीन. दूध घालणारा आईची शपथ घेवो, नाहीतर म्हशीची, महिपती मान वर करत नसे. माणूस सरळ होता, फक्त त्याला एक खोड होती. वाक्य सुरू करायचं आणि मधेच सोडून द्यायचं. पुढचं त्याची बायको शालन बोलायची. तो म्हणायचा, "भाकरी…" ती म्हणायची, "वाढते." तो म्हणायचा, "उद्या जरा…" ती म्हणायची, "दाढी करून घ्या, लई वाढलीया." तेहतीस वर्षांच्या संसारात महिपती क्रियापदापर्यंत क्वचितच पोचला होता. गाव त्याला अबोल समजत होतं, आणि त्याला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

मार्चच्या सत्तावीस तारखेला तो नेहमीप्रमाणे दाखला काढायला गेला. स्टँडशेजारी पेट्रोलपंपाला लागून एक पत्र्याचं केंद्र आहे आणि त्याच्यामागे चुन्याने पांढरी केलेली भिंत आहे. त्या भिंतीपुढे गाडी लावायची, म्हणजे अक्षर स्वच्छ वाचता येतं. धूरवाचक म्हणून तिथे प्रभावती खोत बसतात. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, कडक बाई. त्यांनी चष्मा पुसला, महिपतीला गाडी सुरू करायला सांगितली आणि वाचलं: 'हिच्याशिवाय मला करमत'.

वाक्य तिथेच थांबलं. खोतबाईंनी नियमाप्रमाणे मिनिटभर वाट बघितली आणि 'करमत'वर एक टिंब देऊन दाखल्यावर लिहिलं: 'हिच्याशिवाय मला करमतं.' टिंब देण्यात काही गैर नव्हतं. विभागाचं परिपत्रकच आहे, की टिंब हा धुराचा अतिसूक्ष्म कण असल्यामुळे तो सायलेन्सरच्या जाळीत अडकण्याचा संभव असतो, सबब वाचकाने तो संदर्भाने द्यावा. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका माफ. खोतबाईंनी त्या दिवशी अकरा टिंबं दिली होती. त्यांतली दहा बरोबर होती.

महिपतीने दाखला न वाचताच घरी आणून गणपतीच्या फोटोखाली ठेवला. तपासणी झाली, ठसा पडला, आता वाचायचं काय? शालनने मात्र तो वाचला. तिने आरडाओरडा केला नाही. गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर आली.

"तुमाला माज्याबिगर करमतंय व्हय?"

"अगं, ते…" महिपती म्हणाला.

हे वाक्य तिने पुरं करायला हवं होतं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने ते केलं नाही. कमरेवर हात ठेवून ती पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली. महिपतीने आत खूप शोधलं. तिथे शब्द होते, पण ओळीने नव्हते.

शालनने पिशवी भरली. अकरा किलोमीटरवर माळेवाडीला तिचा भाऊ जोतीराम राहतो, त्याच्याकडे ती निघाली. घरातून बाहेर पडताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. ती उंबऱ्यात थांबली, मागे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "जाते."

त्यानंतर महिपती चार वेळा माळेवाडीला गेला. चारही वेळा जोतीरामच्या अंगणात, भाऊ, भावजय आणि दोन म्हशींच्या देखत त्याच्या गाडीने करड्या अक्षरात लिहिलं: 'हिच्याशिवाय मला करमत'. शालन दारात येऊन ते वाचायची आणि बोट उंच करून हवेतच वर टिंब द्यायची.

"अकरा किलोमीटर लांब येऊन सांगतायसा," चौथ्या वेळी ती म्हणाली. "आता आनि काय पुरावा पायजे?"

"पण शालन, मी तोंडानं सांगतोय की…"

"एकतीस वर्सं तुमी दुधाची फॅट तोंडाला इचारून लिवली व्हय?"

जोतीरामने चहा दिला. तो महिपतीने बशीत ओतला आणि प्यायचा विसरून गेला.

घरी तो एकटा राहायला शिकला. आधी भात जमला, मग आमटी. पावसाळा संपता संपता एके दिवशी दुपारी आमटी इतकी फक्कड झाली, की पहिला घास घेतल्यावर त्याला बरं वाटलं. नुसतं पोटाला नाही, एकूणच बरं वाटलं. आणि लगेच त्याचा हात ताटात थांबला. यंत्राने आयुष्यात त्याला कधी फसवलं नव्हतं. मग टिंब बरोबरच असेल तर? आपल्याला हिच्याशिवाय खरंच करमत असेल आणि आपल्यालाच ते ठाऊक नसेल तर? महिपती घाबरला. बायको गेली तेव्हा घाबरला नव्हता एवढा त्या चांगल्या आमटीने घाबरला. उरलेली आमटी त्याने शेजारच्यांकडे देऊन टाकली.

दाखल्याची मुदत संपायला बारा दिवस राहिले होते. गाडी नीट करून ठेवावी म्हणून तो बादशा मुल्लाणीच्या गॅरेजवर गेला. गॅरेज चढावर आहे. गाडी वर येत असतानाच बादशाने हातातला पाना खाली ठेवला आणि कान दिला.

"मामा, गाडी नॉक करतीया."

"म्हणजे?"

"टिकटिक ऐकू येत न्हाई व्हय? पेट्रोल टायमाच्या आधीच फुटतंय. ठिनगी पडायच्या अगुदरच. वाक्य पुरं येतंय का धुरात?"

महिपतीने खिशातून दाखला काढून दिला. हल्ली तो बरोबरच बाळगत होता. बादशाने तो उजेडात धरला.

"ह्ये टिंब धुरात व्हतं?"

"नव्हतं. टिंब जाळीत…"

"अडकतं. ठावं हाय मला. पर मामा, तुमच्या सायलेन्सरला जाळी हायच कुटं? सडली व्हती, मीच काडून टाकली की दिवाळीत."

दोघांनी वाकून सायलेन्सरमध्ये बघितलं.

"मग टिंब…" महिपती म्हणाला.

"असतं तर भायेर पडलं असतं. अडवायला आत हाय काय? म्हंजी ते नुसतं 'करमत'च हाय. फुडचा शब्द हितं आत जळून गेला." बादशाने इंजिनावर टिचकी मारली.

"पुढचा शब्द काय?"

"ते मी कसं सांगू?" बादशा प्रामाणिक माणूस होता. "'न्हाई' असंल. 'आलंय' बी असंल. 'करमत आलंय आता' म्हणत्यात की लोक."

महिपती तिथल्या टायरवर बसला. त्याला एकदम खूप बरं वाटलं आणि एकदम खूप वाईट वाटलं, आणि दोन्हींतलं आधी कुठलं वाटून घ्यावं ते कळेना.

बादशाने इंजिन उघडलं. गाडी महिपतीने जुनी घेतलेली होती. आधीच्या मालकाने पिकअपच्या नादाने हेड घासून बसवलं होतं, त्यामुळे आतला दाब वाढला होता. एवढ्या दाबाला साधं एक्क्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल टिकत नाही, असं बादशा म्हणाला.

"गाडीच्या पुस्तकात साधंच घाला म्हणून लिहिलंय," महिपती म्हणाला. हे त्याचं वाक्य पुरं झालं, पण ते पुस्तकातलं होतं.

"हेड घासल्याव पुस्तक कुटलं ऱ्हातंय, मामा? ऑक्टेन म्हंजी काय ताकद न्हवं. सबुरी. साधं पेट्रोल दाबलं की भडाकतंय. जास्त ऑक्टेनवालं कसं, दाब सोसतंय, ठिनगी पडंस्तवर गप ऱ्हातंय, मग बोलतंय."

महिपतीला सबुरी हा शब्द पटला, आणि पटला तसा तो जरा जास्तच पटला. पंपावर तीन पाट्या होत्या: एक्क्याण्णव, पंच्याण्णव, शंभर. ज्याने जन्मभर फॅट मोजली तो माणूस मधल्या आकड्यावर कसा थांबणार? त्याने टाकी उपसून घेतली आणि शंभर भरलं.

घरी येऊन त्याने अंगणात गाडी सुरू केली. इंजिन लोण्यासारखं चाललं. धूर स्वच्छ निघाला आणि त्यात एकही अक्षर नव्हतं. अर्धा तास वाट बघून त्याने गाडी बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासत बाहेर आला तेव्हा बंद गाडीच्या सायलेन्सरमधून 'हि' बाहेर पडत होता. 'च्या' यायला जेवणाची वेळ झाली. शिवाय महिपती झोपलेला असताना एखादं अक्षर येऊन गेलं असेल तर त्याचा काही हिशेब लागेना.

"शंभर घातलंसा?" बादशाने कपाळाला हात लावला. त्याच्या हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. "ही सबुरी न्हवं, मामा, ह्यो मुकेपना. माजा थोरला भाऊ असाच. एका बाईला इचारतो, इचारतो म्हणत एकोनीस वर्सं काडली. आता तिच्या नातवाच्या बारशाला जाऊन आला. पंच्यान्नव घाला. तुमच्या इंजनाला जेवडी पायजे तेवडीच घाला."

महिपतीने टाकी रिकामी करून पंच्याण्णव भरलं आणि गाडी तशीच ठेवली. घरी तपासून बघायचा त्याला धीर झाला नाही.

मार्चच्या दाखल्यावरचं टिंब काढावं म्हणून खोतबाईंकडे त्याने आधीच अर्ज दिला होता. अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "चौगुले, दाखल्यात दुरुस्ती होत नाही. नूतनीकरण होतं. त्या दिवशी गाडी जे म्हणेल ते मी लिहीन. मग 'आलंय' म्हणाली तर तेही लिहीन."

"हो."

"बाधित पक्षाला नोटीस पाठवावी लागेल."

"पाठवा," महिपती म्हणाला.

सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला सकाळी अकरा वाजता बाधित पक्ष माळेवाडीच्या एसटीने उतरला. बरोबर जोतीराम होता. शालनने ठेवणीतलं अंजिरी लुगडं नेसलं होतं आणि चेहरा घरी ठेवून आल्यासारखा कोरा केला होता. खोतबाईंनी तिला पिवळ्या रेषेच्या मागे उभं केलं. बादशा हात पुसत पुसत आला आणि पंपाच्या खांबाला टेकून उभा राहिला. महिपतीने कुणाकडेच बघितलं नाही. त्याने किक मारली.

टिकटिक झाली नाही. इंजिन एका सुरात बोलू लागलं, आणि पांढऱ्या भिंतीवर एकेक अक्षर सावकाश येऊन बसलं. 'हिच्याशिवाय.' मग जरा जागा सोडून 'मला.' मग 'करमत.'

आणि धूर थांबला.

खोतबाईंनी घड्याळात बघितलं. एक मिनिट काही आलं नाही तर वाक्य संपलं असं समजायचं, हा नियम होता. त्यांनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही. भिंतीवरचा 'क' कडेने विरायला लागला. महिपतीचा उजवा हात शिवशिवत होता, ॲक्सिलरेटर पिळून उरलेलं भसकन बाहेर काढावं म्हणून. खांबापाशी बादशाने तळहात खाली दाबून खूण केली: गप. महिपती गप राहिला. त्याला आमटी आठवली. पिवळ्या रेषेमागे शालनचे ओठ हलले. तेहतीस वर्षांची सवय तिच्या अगदी जिभेवर आली होती. तिने पदराचा बोळा केला आणि तोंडाशी घट्ट धरला.

पन्नासाव्या सेकंदाला एक उभी रेघ आली.

उभी रेघ 'आ'लाही असते आणि 'न'लाही असते. जोतीरामने टोपी काढली. खोतबाई खुर्चीतून थोड्या उठल्या. घाई नव्हती ती फक्त सायलेन्सरला. मग तिच्या डावीकडे मधोमध एक बारीक गाठ बसली, आणि गाठीतून रेघेपर्यंत एक आडवी दोरी ओढली गेली. न. त्याला काना आला. मागून 'ही' आला, चांगला दीर्घ, वळणदार, जसा महिपतीला शाळेतही कधी काढता आला नव्हता.

खोतबाईंनी लिहिलं: 'हिच्याशिवाय मला करमत नाही.' ठसा मारला. मग कपाटातून मार्चची स्थळप्रत काढली आणि स्वतः दिलेल्या टिंबावर बोट ठेवलं.

"हे टिंब माझं आहे," त्या म्हणाल्या. "दिलेलं टिंब परत घ्यायचा विभागाकडे नमुना नाही. मी तसा नमुना काढायला कळवते. तोवर, शालनताई, मला माफ करा."

शालन पिवळी रेष ओलांडून आली. तिने भिंत वाचली, मग दाखला वाचला, मग पुन्हा भिंत वाचली. तोवर भिंतीवर फक्त 'नाही' उरलं होतं.

"येवडं एक 'न्हाई' म्हनाया सा म्हैने लागलं व्हय?"

"अगं, पेट्रोल…"

"चुकीचं व्हतं. कळलं मला." ती म्हणाली, आणि ते ऐकून महिपतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा महिन्यांत तिने त्याचं एकही वाक्य पुरं केलं नव्हतं. "वाळलायसा किती. जेवत काय व्हता?"

"आमटी जमते आता मला," महिपती म्हणाला. तो स्वतःच दचकला. वाक्य क्रियापदासकट बाहेर पडलं होतं आणि त्याच्या पुढेही 'आता मला' शिल्लक होतं.

शालनने त्याच्याकडे नीट बघितलं. "जमंना का," ती म्हणाली. "करमत तर न्हाई न्हवं?"

तिने जोतीरामच्या हातातली पिशवी घेतली, त्याला "येते रं" म्हटलं, पदर खोचला आणि महिपतीच्या मागे बसली. बादशाने अंगठा वर केला. गाडी निघाली. जोतीराम टोपी हातात घेऊन बघत राहिला.

स्टँडच्या चौकात वळण घेताना महिपतीची नजर आरशात गेली. गाडीमागे धूर उमटत होता. मागे बसलेली आता शालन होती, तेव्हा वाक्य तिचं होतं. आरशात अक्षरं उलटी दिसतात आणि उलटं वाचायला तो कधी शिकला नव्हता. पण शब्द दोनच होते, आणि त्यातला एक 'नाही' होता, जो आता त्याला कुठूनही ओळखू आला असता. दुसरा त्याने एकेक अक्षर लावत, गाडी हळू करून वाचला. 'मलाही.'

"मागं काय उमटलंय गं?" त्याने विचारलं.

"काय न्हाई," शालन म्हणाली. "फुडं बघा."

महिपतीने पुढे बघितलं. त्याच्या मागे चौकात माळेवाडीला परत निघालेली एसटी येऊन थांबली होती. खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती आणि वाचत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि वाक्य विरायची वाट बघत तो स्टिअरिंगवर हात टाकून बसला. वारा पडला होता. वेळ लागणार होता.